आधी उतारा काढा

करमाळ्याच्या तहसील कचेरीबाहेर, एका लिंबाच्या सावलीत माझे अब्बा बसायचे. अर्जनवीस होते ते. पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर कोरे कागद, कागदांवर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून ठेवलेला एक गुळगुळीत दगड. शाळा सुटली की मी त्यांच्याशेजारी जाऊन बसत असे. येणारी माणसं बहुतेक जमिनीच्या भांडणाची. भावानं बांध कोरला, चुलत्यानं हिस्सा लाटला, बहिणीचं नावच लागलं नाही. माणूस आला की आधी आपलं दुःख ओतायचा. अब्बा सगळं ऐकून घ्यायचे, चहा सांगायचे आणि मग ठरलेलं वाक्य बोलायचे, "पहिले उतारा निकालो, फिर बात करो." मराठीत बोलणाऱ्याला तेच मराठीत सांगायचे : आधी उतारा काढा, मग बोलू.

हे वाक्य पुढे मला एका भलत्याच ठिकाणी उपयोगी पडलं. श्रोतेहो, आज मी तुम्हाला जमिनीची नव्हे, संगणकाच्या पोटातल्या वाटण्यांची गोष्ट सांगणार आहे. या वाटण्या का पडल्या, पुढे त्या जोडाव्या का लागल्या आणि जोड निखळला तर माणसानं काय करावं, याची ही गोष्ट. मी कवी माणूस, शिक्षण बी. ए. मराठी. तंत्रज्ञ नाही. पण ज्याचं नुकसान होता होता वाचतं तो त्या विषयाचा इतिहास शोधायला लागतो. माझंही तसंच झालं.

१९४७ म्हटलं की आपल्याला फाळणीच आठवते. आमच्या घरात तर तो शब्द आवाज खाली आणूनच उच्चारला जाई. पण त्याच सालचा मुंबई प्रांताचा एक कायदा आहे, तो तुकडे जोडण्याबद्दल आहे. धारण जमिनीचे तुकडे पाडायला प्रतिबंध करणारा आणि त्यांचं एकत्रीकरण करणारा कायदा. बापाची दहा एकर, चार मुलांत अडीच-अडीच, नातवांत आणखी तुकडे, तेही एक इथे तर एक ओढ्यापलीकडे. औत वळवायला जागा नाही. म्हणून सरकारनं म्हटलं, तुकडे जोडा, गट करा. तेव्हापासून सर्व्हे नंबर आणि पोटहिश्शांच्या जागी गट नंबर आले. आज तुमच्या सातबाऱ्यावर जो गट नंबर दिसतो तो त्या योजनेचा वारसा.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. एकत्रीकरणात माती हलली नाही. ज्या जागी होती त्याच जागी राहिली. बदलली ती नोंद. आणि पुढे जी भांडणं झाली, ज्यांचे अर्ज अब्बांनी लिहिले, त्यांतली पुष्कळशी नोंदीतल्या चुकांची होती. कुणाचं क्षेत्र कमी लागलं, कुणाचा गट नकाशावर एकीकडे आणि वहिवाट दुसरीकडे. जमीन जागच्या जागी, आणि माणूस मात्र भूमी अभिलेखच्या पायऱ्या झिजवतोय.

आता संगणकाकडे येऊ.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात बेल लॅबोरेटरीज नावाची मोठी प्रयोगशाळा होती. तिथे १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी युनिक्स नावाची यंत्रणा रचायला घेतली. संगणकाला चालवणारी, कामं वाटून देणारी, फायली कुठे ठेवल्या ते लक्षात ठेवणारी ही व्यवस्था. आज आपण जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती. १९७४ साली या दोघांनी आपल्या यंत्रणेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी त्यांच्या संगणकावरच्या डिस्कांची यादी दिली आहे. एक मेगाबाइटची एक स्थिर डिस्क, अडीच-अडीच मेगाबाइटच्या चार काढत्या-घालत्या डिस्का आणि चाळीस मेगाबाइटची एक मोठी. सगळं मिळून एकावन्न मेगाबाइट. आज तुमच्या मोबाइलमधल्या लग्नाच्या एका व्हिडिओला ही जागा पुरणार नाही. पण त्या एवढ्याशा जागेतून आजच्या बहुतेक संगणकव्यवस्थांचा वंश निघाला.

जागा तुटपुंजी, आणि ती निरनिराळ्या डब्यांत विखुरलेली. मग त्यांनी एक सुंदर युक्ती केली. वापरणाऱ्याला डिस्का वेगवेगळ्या दिसूच द्यायच्या नाहीत. फायलींचं एकच झाड, एकच मूळ. मूळ छोट्या डिस्कवर, आणि माणसांच्या फायली ज्या मोठ्या डिस्कवर ती त्या झाडाला फांदीसारखी कलम करायची. या कलम करण्याला ते 'माउंट' म्हणत. माणसांच्या, म्हणजे युजरांच्या फायलींच्या फांदीचं नाव 'यूएसआर'. पुढे मुळाकडची जागा संपली तसा यंत्रणेचाही पसारा या फांदीवर सरकला, आणि माणसांच्या फायलींनी दुसरं घर केलं. पन्नास वर्षं उलटली तरी लिनक्सच्या कुठल्याही संगणकात 'यूएसआर' ही फांदी आहे. धाकट्या भावाची खोली थोरल्याच्या संसारानं व्यापावी आणि नाव मात्र धाकट्याचंच राहावं, तसं.

पुढे डिस्का मोठ्या झाल्या आणि उलटा प्रश्न आला. आता एका डिस्कचे हिस्से पाडायचे. त्याला कारणं होती. एक, यंत्रणांना ठरावीक मापापलीकडची डिस्क एकसंध हाताळता येत नसे. घरगुती संगणकावरच्या डॉसला तर ऐंशीच्या दशकात बराच काळ बत्तीस मेगाबाइटपेक्षा मोठा हिस्सा पेलवत नव्हता. दोन, सुरक्षितता. एका हिश्श्यात नोंदींचा कचरा साचून तो भरला तरी शेजारचा हिस्सा चालू राहतो. कोठीत पाणी शिरलं तरी माजघर कोरडं राहावं म्हणून मध्ये भिंत घालतात, तसं हे. या हिश्श्यांना नाव पडलं पार्टिशन. १९८३ पासून घरगुती संगणकांत ही वाटणी डिस्कच्या अगदी पहिल्या पाचशे बारा बाइटांत लिहिली जाऊ लागली. हिस्सा कुठून सुरू होतो, किती लांब आहे, एवढंच. आणि त्या नोंदीत जागा फक्त चार हिश्श्यांना. चौघा भावांची सोय झाली, पाचवा जन्मला की पोटहिस्सा.

म्हणजे पाहा, वाटणी ही भिंत नव्हेच. ती एक ओळ आहे, डिस्कच्या उंबऱ्यावर लिहिलेली. ओळ पुसली तर आतला ऐवज जागच्या जागी असतो, पण तो कुणाचा आणि कुठून कुठवर, हे सांगणारं कुणी उरत नाही.

आपल्याकडे युनिक्स फार लांबून आली असं नाही. १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या डॉ. सी. रंगराजन समितीनं बँकांच्या संगणकीकरणाचा अहवाल दिला, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात बँकांच्या शाखांत जे संगणक आले त्यांतल्या अनेकांवर युनिक्सच होती. काचेपलीकडे हिरव्या अक्षरांचा पडदा आणि खातेवही घेऊन अवघडून उभे असलेले आपण, हे चित्र माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल. आपली शिल्लक त्या वेळी कुठल्यातरी डिस्कच्या कुठल्यातरी हिश्श्यात लिहिली जात होती.

पण हिस्से पाडले की पुढचं दुखणं ठरलेलं. एक हिस्सा भरून वाहतो, दुसरा ओस पडतो. एका भावाच्या घरात पाय ठेवायला जागा नाही आणि दुसऱ्याच्या माडीवर पारवे. मग पुन्हा जोडण्याची गरज भासली. तीन हिस्से, चार डिस्का, सगळ्यांचा मिळून एक गट करता येईल का?

करता येईल, पण त्याचा हिशेब काय? हा हिशेब कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी मांडला. १९८८ साली त्यांचा तो गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या पुष्कळ छोट्या डिस्का एकत्र जोडाव्यात, ही त्यांची सूचना. पण आधी त्यांनी धोका सांगितला. समजा एक डिस्क सरासरी तीस हजार तास टिकते. म्हणजे सव्वातीन वर्षांहून जास्त. अशा शंभर डिस्का जोडून एक केल्या तर त्या जोडाचं सरासरी आयुष्य किती? तीस हजार भागिले शंभर, म्हणजे तीनशे तास. दोन आठवडेसुद्धा नाहीत.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा क्षणभर थबकलो. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की एकीचं बळ. काड्यांची मोळी मोडत नाही. आणि इथे गणित सांगतंय की नुसतं एकत्र आलात तर प्रत्येकाच्या मरणात सगळ्यांचं मरण. आपल्याकडे याला नेमकी उपमा आहे ती उतरंडीची. मडक्यावर मडकं रचलेलं, आणि तळातलं एक फुटलं की सगळी उतरंड खाली. पॅटरसन आणि मंडळींनी उपायही सांगितला. जोडताना थोडी जागा राखून ठेवा आणि तिच्यात असा जास्तीचा हिशेब लिहा की एक डिस्क गेली तर बाकीच्यांवरून तिचा मजकूर पुन्हा काढता येईल. या पद्धतीला रेड म्हणतात. मात्र जागा वाढवण्यासाठी केलेला साधा जोड आणि सांभाळण्यासाठी केलेला जोड, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा फरक मला फार उशिरा कळला.

साध्या जोडाची व्यवस्था आयबीएमनं १९९० मध्ये आपल्या एआयएक्स या युनिक्समध्ये आणली. तिचं नाव लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, थोडक्यात एलव्हीएम. एचपीच्या युनिक्सनंही तशीच सोय केली. लिनक्स तर १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं सुरू केलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी युनिक्सच्या वळणाची यंत्रणा. तिच्यासाठी हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एलव्हीएम लिहिलं.

त्याची रीत अशी. तीन पायऱ्या. पहिली पायरी, डिस्कचा हिस्सा गटात सामील करायचा. तो मनानं बारीक बारीक वाफ्यांत तोडला जातो, साधारणपणे चार-चार मेगाबाइटचे वाफे. दुसरी पायरी, अशा सगळ्या हिश्श्यांचा मिळून एक 'व्हॉल्यूम ग्रुप' होतो. ग्रुप म्हणजे गटच की! तिसरी पायरी, त्या गटातून हवे तितके वाफे घेऊन नवी शेतं आखायची. एक शेत अर्धं या डिस्कवर आणि अर्धं त्या डिस्कवर असू शकतं. वापरणाऱ्याला ते एकसंध दिसतं. कुठला वाफा कुठे आहे याचा उतारा प्रत्येक सामील हिश्श्याच्या सुरुवातीला लिहिलेला असतो. साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत. गटाचं नाव, प्रत्येक हिश्श्याची ओळख पटवणारा बत्तीस अक्षरी क्रमांक, गट कोणत्या संगणकावर झाला, सगळं. तलाठ्यानंही इतकं स्वच्छ लिहिलं नसेल.

आता माझी गोष्ट.

१९९२ पासून सात-आठ वर्षं मी करमाळा तालुक्यातल्या गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या. केम, जेऊर, कंदर, वांगी, कोर्टी, केत्तूर. उजनी धरणाच्या पाण्यानं उठवलेल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांचं मूळ गाव आता फक्त ओवीत उरलं होतं. मराठे, माळी, धनगर, महार, आणि आमच्या मुसलमानांतल्याही. माझी एक खाला होती, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण विठ्ठलावर आणि पीरावर एकाच चालीत ओव्या रचायची. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. त्या डोंगरापुढे माझं काम म्हणजे मूठभर माती. पण ती आमच्या तालुक्याची. साठ-साठ मिनिटांच्या एकशे चाळीस कॅसेट झाल्या.

२००६ मध्ये त्या कॅसेट संगणकात भरायला घेतल्या. जुना जोडजाड केलेला संगणक, चाळीस गिगाबाइटची डिस्क. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला होता, त्यानं लिनक्स घालून दिली. तेव्हा काही हौशी मंडळी लिनक्सचे मेनू मराठीत आणत होती, त्याचं मला फार अप्रूप. ध्वनीचा दर्जा न घटवता साठवलं की एक कॅसेट सहाशे मेगाबाइटच्या वर जागा घेते. पंचावन्न कॅसेट झाल्या आणि डिस्क भरली. मग भाच्यानं ऐंशीची नवी डिस्क आणली आणि एलव्हीएमनं दोन्हींचा एक गट करून दिला. पडद्यावर एकच मोठी जागा दिसू लागली. मला वाटलं, झालं, आता ओव्या सुरक्षित. उरलेल्या कॅसेटही भरल्या. मूळ कॅसेट पत्र्याच्या पेटीत टाकल्या. पुढच्या तीन-चार पावसाळ्यांत त्यांतल्या निम्म्याहून जास्त कॅसेटना बुरशी लागली, आणि वाजवणारं यंत्रही बंद पडलं. मला त्याची फिकीर नव्हती. सगळं संगणकात होतं ना!

मे २०१०. वळवाचा पाऊस, वीज गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी संगणक सुरूच होईना. मदरबोर्ड जळाला होता. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी म्हटलं, नवा संगणक घ्या, डिस्का त्यात जोडू. त्यांनी आधी ऐंशीची डिस्क आपल्याकडच्या विंडोजच्या संगणकाला लावून पाहिली. पडद्यावर प्रश्न आला, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? त्यांचा हात माउसवर गेला. ते म्हणाले, "सर, डिस्क रिकामी दिसतेय, फॉरमॅट करून बघू का?"

मला फॉरमॅटचा नेमका अर्थ तेव्हा माहीत नव्हता. पण अब्बांचं वाक्य तोंडातून निघालं. म्हटलं, थांबा, आधी उतारा पाहू. ते हसले. पण थांबले, हे त्यांचे उपकार. त्या संगणकाला ती लिपी वाचता येत नव्हती, म्हणून त्याच्या लेखी वही कोरी होती. आपल्याला मोडी वाचता येत नाही म्हणून दस्त रद्दीत घालावा, तसंच हे.

भाचा शनिवारी रात्रीच्या एसटीनं आला. त्यानं ज्या क्रमानं काम केलं तो क्रम मी वहीत टिपून ठेवला आहे, कारण अडचण कुठलीही असो, क्रम हाच.

पहिलं, त्यानं तारा पाहिल्या. जुन्या पद्धतीच्या डिस्का एकाच चपट्या पट्टीला दोन लागत. एकीला मास्टर नेमायचं, दुसरीला दुय्यम. त्यासाठी मागे एक इवलीशी टोपी असते. कुणीतरी दोन्हींना मास्टर करून ठेवलं होतं. एका गाडीला दोन मुकादम, मग गाडी हलणार कशी? टोपी बदलली, दोन्ही डिस्का दिसू लागल्या. त्याआधी यंत्रणा एवढंच म्हणत होती की अमुक क्रमांकाचा हिस्सा सापडत नाही. म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे उतारा होता, फक्त एक भाऊ हजर नव्हता.

दुसरं, त्यानं उतारा काढला. गटात कोण कोण, कुणाचा क्रमांक काय, शेत कुठल्या वाफ्यांवर पसरलंय. तो पेननं वहीत उतरवून घेतला. अशा उताऱ्याच्या जुन्या प्रती संगणक स्वतःही ठेवतो, पण त्याच संगणकात. कपाटाची किल्ली कपाटातच, त्यातलाच प्रकार.

आणि इथे तिसरी भानगड उघडी पडली. नव्या संगणकावरही तीच लिनक्स घातली होती, आणि तिनं आपल्या गटाला सवयीनं तेच नाव दिलं होतं जे जुन्या गटाचं. 'व्हॉलग्रुप शून्य शून्य'. एका घरात एकाच नावाचे दोन गट, यंत्रणा गोंधळलेली. अब्बांकडे अशी कितीतरी प्रकरणं यायची, एकाच गावात एकाच नावाचे दोन गणपत, आणि एकाचं कर्ज दुसऱ्याच्या उताऱ्यावर. तिथे बापाचं नाव पाहायचं. इथे तो बत्तीस अक्षरी क्रमांक. नाव एक असलं तरी क्रमांक दोघांचे एक नसतात.

पण नाव बदलण्याआधी त्यानं चौथं काम केलं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. अस्सल डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. आधी नक्कल. एक मोठी नवी डिस्क आणून तिच्यावर दोन्ही जुन्या डिस्कांची जशीच्या तशी प्रत काढायला लावली. चाळीसची डिस्क निमूट उतरली. ऐंशीची मात्र कण्हायला लागली. विजेच्या धक्क्यानं म्हणा, वयानं म्हणा, तिच्यावर वाचता न येणारे डाग पडले होते. डीडीरेस्क्यू नावाची फुकट मिळणारी एक आज्ञावली आहे. ती डागापाशी हट्ट धरून बसत नाही. आधी चांगला भाग पदरात पाडून घेते, आणि मग मागे येऊन डागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. आजारी माणसाशी बोलावं तसं, जे तो सहज सांगतोय ते आधी ऐकून घ्यायचं. मंगळवार सकाळपर्यंत ते चाललं होतं.

पाचवं, अस्सल डिस्का काढून कपाटात. अस्सल आणि नक्कल एकाच वेळी समोर ठेवली तर दोघांचे क्रमांक एकच, आणि यंत्रणेचा पुन्हा गोंधळ. मग नकलेवर, क्रमांकाच्या आधारे, जुन्या गटाचं नाव बदललं. भाच्यानं विचारलं, "मामू, काय ठेवू नाव?" मी म्हटलं, करमाळा. गट जागा झाला. शेत फक्त वाचण्यापुरतं उघडलं. फायली दिसल्या. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस. मी बाहेर जाऊन चहा सांगून आलो, कारण आत बसवेना.

नंतर महिनाभर एकेक ऐकून पाहिली. एकशे सदतीस साबूत. तिघींत खाडे पडले होते. जिथलं वाचता आलं नाही तिथे नकलेत शून्यं भरली गेली होती, आणि ध्वनीच्या फायलीत शून्याचा अर्थ शांतता. त्या तिघींतली एक खालाची. ओवीचा पहिला चरण होतो, दुसरा सुरू होतो, आणि जात्याची घरघरही थांबते. चाळीस-पंचेचाळीस सेकंद काहीच नाही. मग तिचा आवाज थेट पुढच्या ओवीच्या शेवटावर येतो. खाला त्याआधीच अल्लाघरी गेली होती. ती कॅसेट बुरशीनं खाल्लेल्यांपैकी होती. तो चरण मला पाठ नाही. मी त्या वेळी तिच्यासमोर बसून फक्त मीटरचा काटा पाहत होतो.

यात दोष कुणाचा? दुरुस्तीवाल्याचा नाही, भाच्याचा नाही, एलव्हीएमचा तर नाहीच. त्यानं जे कबूल केलं होतं तेच केलं, जागा जोडून दिली. सांभाळण्याचं वचन त्यानं कधी दिलंच नव्हतं, ते मी गृहीत धरलं. बर्कलीच्या तिघांचा हिशेब १९८८ पासून लिहिलेला होता. दोन डिस्का जोडल्या त्या दिवशी माझ्या ओव्यांचा धोका कमी झाला नव्हता, दुप्पट झाला होता.

नंतरच्या काळात या क्षेत्रात आणखी सुधारणा झाल्या. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी झेडएफएस रचली, ती २००५ मध्ये जगापुढे आली. तिच्यात जोडणं आणि फायली सांभाळणं एकाच हाताखाली आहे, आणि लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची पडताळणीची बेरीज शेजारी नाही, दुसरीकडे ठेवलेली असते. म्हणजे मजकूर गुपचूप कुजला तरी वाचताना पकडला जातो. एवढंच काय, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून हिस्से जोडण्याची हीच लिनक्सची रीत आतल्या आत वापरली जाते. आपल्याला पत्ताही नसतो. फोनची स्क्रीन बंद पडली आणि मुलीच्या बारशाचे फोटो आत अडकले की पत्ता लागतो.

म्हणून श्रोतेहो, घरात कुणाचा संगणक वा फोन अडला आणि समोरून 'फॉरमॅट करू का' असा प्रश्न आला, तर थोडं थांबा. आधी तारा पाहा. कुठल्या डिस्कवर काय आहे ते कागदावर लिहून काढा. दुरुस्ती अस्सलावर नको, नकलेवर करू द्या. आणि हे सगळं करायची वेळ येण्याआधीच, आज संध्याकाळी, जे गमावलेलं चालणार नाही त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्याच्या घरी ठेवा. माझ्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत. एक प्रत माझ्याकडे, एक पुण्यात भाच्याकडे, एक गावातल्या वाचनालयाच्या कपाटात. दर वर्षी मोहरम आणि दिवाळीला मी तिन्ही काढून वाजवून पाहतो.

वाजवताना खालाच्या कॅसेटशी आलो की ती शांतता येते. भाचा म्हणाला होता, "मामू, तेवढा भाग कापून दोन्ही टोकं जोडून देऊ का? ऐकणाऱ्याला कळणारही नाही." मी नको म्हटलं. तिथे काहीतरी होतं आणि ते गेलं, एवढी नोंद तरी उताऱ्यावर राहू दे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)